ओळखखूण: नाही

सोमवार, २ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. सामानाचा ट्रक आमच्याआधीच दारात येऊन उभा होता. हमालांनी कपाट एकदाही भिंतीला न घासता जिन्यातून वर नेलं, तेव्हा मी हिला म्हणालो की या गावात निदान दोन तरी अक्कल असलेली माणसं आहेत. ही हसली. माझ्या बायकोचं हसणं म्हणजे एक प्रकरणच आहे. आधी आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात. आणि समोरचा माणूस विषय विसरून गेला की मग नाकातून एकदम फुर्र होतं. चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आज घर रिकामं होतं, म्हणून चालून गेलं.

घर झकास आहे. दुसरा मजला, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, समोर शाळेची लांबलचक भिंत. ओटा हिच्या उंचीला बरोबर. आमच्या कन्येने, म्हणजे ठमीने (वय सहा, अंगात साठ जणांचं वारं), सामान लागायच्या आत बैठकीच्या भिंतीवर खडूने घोडा काढला. तोही डाव्या हाताने. घरमालकाला काय सांगायचं, यावरून थोडी वादावादी. पण एकूण मन प्रसन्न आहे. नवी नोकरी, पगार चांगला, आणि ज्यांच्यात काम करायचं ती मंडळी, जेवढं ऐकलं त्यावरून, इतकी सामान्य आहेत की वासरात लंगडी गाय शहाणी ठरायला मला आठवडाही लागू नये.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ऑफिस बघितलं. शहराची नागरिक नोंदणी. शहरातल्या प्रत्येक माणसाची एक नोंद, आणि या सगळ्या नोंदी आता संगणकात, एक्सएमएल दस्तऐवजांच्या रूपात. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी (म्हणजे या इमारतीतल्या सगळ्यांसाठी) सांगायचं तर, प्रत्येक माहितीला दोन्ही बाजूंनी खुणांचं कुंपण घातलेला मजकूर. नाव या कुंपणात, पत्ता त्या कुंपणात. आणि कुठल्या कुंपणात काय असावं, काय असू नये, हे सांगणारी नियमावली म्हणजे स्कीमा. माझं काम इतकंच, की पार्सर लायब्ररी नावाच्या तयार प्रोग्रॅमला दस्तऐवज वाचायला लावायचे, स्कीमाशी ताडून बघायचे, आणि चुका शून्यावर आणायच्या.

आता मंडळी. साहेब: प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबतात. विचार करतात म्हणे. 'तुम्ही... आज... बसा.' मी त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं आहे. लिफ्टवाला: भसाड्या आवाजात दिवसभर गातो, एकही सूर जागेवर नाही. उजव्या हाताची दोन बोटं जुन्या छापखान्यात गेली, त्यामुळे मजल्याचं बटण अंगठ्याने दाबतो आणि निम्म्या वेळा भलताच मजला गाठतो. तिसरी नोंदणीबाई, जिला सगळे आक्का म्हणतात. केस पिकले, तोंड थांबत नाही. साधा पत्ता विचारला तर तिथे आधी कोण राहत होतं, त्याच्या मेव्हण्याचं गलबत कुठे बुडालं, इथपर्यंत पोचते. आज ही आणि ठमी राहण्याची नोंद करायला आल्या होत्या, तर आक्काने त्या दोघींना समोर बसवून चहा संपेस्तोवर नुसतं न्याहाळलं आणि मग पानभर लिहिलं. ठमी म्हणे खूश. कुणी तरी आपल्याकडे इतका वेळ बघितलं याचं तिला अप्रूप.

खोगीरभरती, दुसरं काय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दस्तऐवज उघडले आणि हसावं की रडावं कळेना. फोटो नव्हते त्या काळापासून इथे माणसाची ओळख शब्दांत लिहायची पद्धत आहे, आणि आक्काने ती मोडू दिलेली नाही. हात, चाल, बोलणं, ओळखखूण, अशी कुंपणं. आणि आत काय भरलंय? 'खोटं बोलताना कान लाल होतात.' 'जिना उतरताना मनात मोजतो, ओठ हलतात.' 'कुणाचं दुःख ऐकलं की आधी हसू फुटतं, मग रडतो.' लिफ्टवाल्याच्या नोंदीत तर 'बेसूर, पण मनापासून' असं लिहिलंय! ही माहिती म्हणायची?

स्कीमा मात्र शहाण्या माणसाने लिहिलेली आहे. हात: उजवा किंवा डावा. चाल: सामान्य, मंद किंवा जलद. बोलणं: सामान्य किंवा सदोष. ओळखखूण: आहे किंवा नाही. आणि जागा रिकामी असेल तर पार्सरने आपणहून कुठलं मूल्य धरायचं, तेही ठरवून दिलेलं. उजवा. सामान्य. सामान्य. नाही. माझ्या आधी इथे जो होता त्याने तपासणी चालू ठेवली होती, चुकांचा आकडाही काढला होता, पण निकाल परत दस्तऐवजात लिहायचं बंद करून ठेवलं होतं! म्हणजे रोग कळतो, औषध कपाटात. त्याला इथे सगळे जांभई म्हणतात. नाव सार्थ असणार.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझी योजना सोपी आहे. जिथे मजकूर नियमात बसत नाही तिथे तो पुसून टाकायचा. रिकाम्या जागेत पार्सर ठरलेलं मूल्य भरतो, आणि नवा दस्तऐवज जुन्यावर लिहायचा. चूक गायब.

आक्काने विरोध केला. तिचं म्हणणं, या नोंदी तिने माणसांना समोर बसवून घेतल्यात, प्रत्येकाने वाचून 'हो, हा मीच' म्हटलंय, त्या अशा पुसायच्या नसतात. मी विचारलं, पुसल्या तर काय होईल. तर म्हणे ते तिला माहीत नाही, पण तिच्या आधीच्या बाईनेही पुसल्या नव्हत्या. हे कारण! परंपरा म्हणजे काय, तर आधीच्या गाढवाने ज्या वाटेने ओझं नेलं ती वाट.

स्वल्पविरामांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि इतका वेळ गप्प राहिले की माझा चहा गार झाला. शेवटी म्हणाले की आधी... नमुन्यादाखल... ऑफिसातल्याच माणसांचे दस्तऐवज घ्या, शितावरून भाताची परीक्षा होईल. जुनी कागदी पानं रद्दीत गेलेली आहेत. संगणकातल्या मूळ प्रती ठेवायच्या का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कचरा झाडल्यावर तो डब्यात जपून ठेवायचा का?

बुधवार, ११ फेब्रुवारी

शून्य!

ऑफिसातल्या सगळ्यांचे दस्तऐवज पार झाले. पडद्यावर चुकांच्या जागी शून्य बघण्यात जे सुख आहे ते या लोकांना जन्मात कळायचं नाही. घरी येऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, शून्य म्हणजे नापास ना? आणि खांदे हलायला लागले. मी बोलणंच सोडून दिलं. जेवताना ठमीने डाव्या हाताने पाण्याचा पेला लवंडला. ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

माझा वचक बसलाय असं दिसतं. लिफ्टवाला गात नाही. काल दिवसभर नाही, आजही नाही. नेमक्या मजल्यावर सोडतो. स्वल्पविरामांच्या बोलण्यातले स्वल्पविराम गेले. आज सबंध वाक्य एका दमात बोलले. आणि आक्का! सकाळी तिला एक जुना पत्ता विचारला तर पत्ता सांगितला. फक्त पत्ता. मेव्हणा नाही, मेव्हण्याचं गलबत नाही. मी थोडा वेळ वाट बघितली, तर तिने विचारलं की अजून काही हवंय का.

माणसाला शिस्त लावायला कुणी तरी भेटावं लागतं. इतकी वर्षं यांना भेटलं नव्हतं, एवढंच.

साहेबांपुढे सगळ्या शहराचे दस्तऐवज दुरुस्त करायचा प्रस्ताव ठेवला. वाटलं होतं पुन्हा चहा गार होणार. 'हो, चालेल,' म्हणाले आणि सही केली. कागद वाचला नाही. असे अधिकारी असतात म्हणून देश चालतात किंवा बुडतात. सोमवारपासून सुरुवात, आमच्याच भागापासून.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी काम सुरू करून दिलं. एकामागून एक भाग सरकत होते, चुकांचे आकडे शून्यावर येत होते. दुपारी चहाला खाली जायला लिफ्टमध्ये शिरलो.

लिफ्टवाल्याने बटण दाबलं. तर्जनीने.

उजव्या हाताच्या.

मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. अंगठा, करंगळी, तिच्या शेजारचं, आणि छापखान्यात गेलेली दोन, तर्जनी आणि मधलं. नखं होती. नखांवर पांढरे ठिपकेसुद्धा होते. मी विचारलं, हे काय. त्याने हात स्वतःसमोर धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि सौम्यपणे, कुणा आजाऱ्याला सांगावं तसं म्हणाला, 'पाचच असतात, साहेब.'

मी जिन्याने वर आलो. त्याचा दस्तऐवज उघडला. ओळखखूण: नाही.

मग साहेबांचा. बोलणं: सामान्य. आक्काचा. सगळं सामान्य. तिच्या टेबलाशी जाऊन मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मी त्या बाईकडे पहिल्यांदाच नीट बघत होतो, त्यामुळे काय गेलंय ते मला सांगता येईना. पण काही तरी गेलं होतं. पुसलेल्या फळ्याकडे बघितल्यावर कळतं ना, की इथे काही तरी लिहिलेलं होतं, तसं.

काम थांबवलं. शेवटचे दोनच भाग राहिले होते. एक नदीपलीकडचा, एक स्टेशनामागचा.

आमचा भाग पहिला होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

धावत घरी आलो. ही ओट्याशी उभी होती. मी काही तरी मूर्खासारखं बोललो, ही हसावी म्हणून. माझा टाय दारात अडकला, मी ऑफिसात शून्य मिळवलं, असलं काही तरी. ही हसली. जाहिरातीतली बाई हसते तसं, दात दिसतील एवढं, आणि मग थांबली. खांदे हलले नाहीत.

ठमी जेवायला बसली होती. उजव्या हाताने जेवत होती. काही सांडलं नाही. जेवण झाल्यावर तिने विचारलं की आता उठू का.

भिंतीवरचा घोडा तिने स्वतः पुसलाय. चांगला पुसलाय, डागही राहिला नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रजा टाकून जांभईला गाठला. नदीपलीकडे राहतो, त्याचा भाग वाचलेल्यांतला. दार उघडलं तेव्हा अंगात विटका बनियन, गालावर उशीची घडी उमटलेली. मी त्याला विचारलं की दस्तऐवजात परत लिहिणं तू का बंद केलं होतंस. तुला काय माहीत होतं? कुणी सांगितलं होतं? काय दिसलं होतं?

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, वेळ लागायचा. लिहिणं चालू ठेवलं की रोज संध्याकाळी घरी जायला उशीर व्हायचा, म्हणून बंद केलं. दुसरं काही नाही.

बस. एवढंच. या माणसाच्या आळसाने अख्खं शहर इतकी वर्षं तगवलं आणि माझ्या हुशारीने...

त्याला सगळं सांगितलं. त्याला निम्मं कळलं नाही आणि उरलेलं पटलं नाही. मधेच त्याने जांभई दिली, लांब, आवाजासकट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठवड्यापूर्वी मी किळस करून उठलो असतो. आज वाटलं, अजून एक दे बाबा. माझ्यासमोर बस आणि देत राहा.

बुधवार, १८ फेब्रुवारी

उपाय सापडला. सापडायलाच हवा होता, मी काही या लोकांसारखा नाही. स्कीमा सैल केली. 'ओळखखूण' या कुंपणात आता कितीही, काहीही मजकूर चालेल. पार्सर निमूटपणे घेतो. म्हणजे आक्काने जे लिहिलं होतं ते पुन्हा लिहिलं की झालं. मूळ प्रत नाही, ती मीच फेकली. पण ठमी माझी मुलगी आहे. मला माहीत नसेल तर कुणाला असेल?

आधी आक्कालाच विचारलं. त्या दिवशी तू माझ्या मुलीबद्दल पानभर लिहिलं होतंस, त्यातलं काय आठवतं? तिने थोडा विचार केल्यासारखं केलं. म्हणाली, चांगली मुलगी आहे.

मग मीच बसलो. 'डावखुरी,' लिहिलं. पुढे काय? 'बडबड करते.' 'जेवताना सांडते.' 'हट्टी.' 'भिंती खराब करते.' तिच्या गालावर तीळ आहे ना? कुठल्या? की ती माझी भाची? डोळे कुणावर गेलेत, हे येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा सांगायचा, मी कधी ऐकलं नाही. सहा वर्षं एका घरात. मला तिच्या फक्त तक्रारी पाठ होत्या.

जेवढं होतं तेवढं लिहिलं आणि पाठवलं.

चुका: शून्य.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

परत आली. नाही, परत आली असं म्हणू नये...

सकाळी पेला पडल्याच्या आवाजाने जाग आली. ठमी टेबलाशी बसली होती. डाव्या हाताने दुधाचा पेला लवंडला. हिने पुसलं, पुन्हा भरून दिला. तिने लवंडला. हिने पुसलं, भरून दिला. दोघींच्याही चेहऱ्यावर राग नाही, मजा नाही. मी पेला काढून घेतला तर ठमीने रिकामा हात तसाच आडवा फिरवला, टेबलावर पेला असल्यासारखा.

आणि बोलते आहे. अखंड. शब्द आहेत, पण एकही कुणाला उद्देशून नाही. मी बडबड लिहिलं होतं. कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं.

भिंतीवर रेघोट्या. घोडा नाही. नुसत्या रेघोट्या, खराब करण्यापुरत्या.

मी हिला हलवून विचारलं की ठमी कशी होती ते सांग, तू आई आहेस, तुला सगळं माहीत असणार. ही म्हणाली, चांगली आहे. मी ओरडून म्हणालो, आहे नव्हे, होती, होती! हिने विचारलं की चहा करू का.

त्याच दिवशी, दुपारी

'घोडा काढते' वाढवलं.

आता घोडा काढते. एकावर एक. त्याच जागी. खडू संपला तरी बोटाने... भिंत काळी झाली आहे तिथे. बोट...

पुसलं ते वाक्य. थांबली. रेघोट्यांवर आली.

जेवढं लिहावं तेवढंच येतं. न लिहिलेलं काही येत नाही. माणूस म्हणजे मुख्यतः न लिहिलेलंच असतो, हे मला, इतक्या हुशार माणसाला...

हिच्याबद्दल लिहायला बसलो होतो. पडद्यावर कुंपण उघडं, आत काही नाही. 'वेळीअवेळी हसते.' एवढंच सुचलं. ते वाचलं आणि लगेच पुसलं. ते वाक्य पाठवलं असतं तर...

नाही. तिला राहू दे. सामान्य राहू दे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

साहेबांनी उरलेले दोन भाग सुरू केले. मला न विचारता. मी विचारलं का, तर म्हणाले, 'काम अपुरं ठेवू नये.' वाक्य माझंच आहे, मीच प्रस्तावात लिहिलं होतं. मी त्यांचा हात धरला, कीबोर्ड ओढला. कुणी प्रतिकार केला नाही. मी बंद केलं, की दुसऱ्या टेबलावरून कुणी तरी सुरू करायचं. ते बंद केलं, की तिसऱ्या. सगळे हसतमुख. सगळ्यांना येतं. मीच शिकवलं.

स्कीमा पुन्हा घट्ट केली आहे कुणी तरी. बरोबरच आहे. सैल ठेवण्याला कारण काय?

जांभईकडे गेलो. दार लगेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट. त्याने आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्याच्यासमोर बसून राहिलो. मुद्दाम आळोखेपिळोखे दिले, तोंड फाडून मोठी जांभई दिली. ती पसरते म्हणतात ना.

त्याने विचारलं, आपल्याला बरं नाही का?

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज आक्का घरी आली. कामानिमित्त. म्हणाली की सगळ्या शहरात एकच नोंद राहिली आहे. माझी. मी नवीन, आणि त्या दिवशी ही आणि ठमीबरोबर नोंदीला बसलो नव्हतो म्हणून.

मी म्हटलं, ये, बस. ही खुर्ची घे. माझ्याकडे बघ. पानभर लिही. जे दिसेल ते लिही. उद्धट लिही, घमेंडखोर लिही, सगळ्यांना पाण्यात बघतो असं लिही. नाकाने कांदे सोलतो, स्वतःखेरीज कुणाला अक्कल नाही असं समजतो. लिही, काही तरी लिही, माझ्यापुरतं... माझंच असेल असं...

तिने मान वर केली नाही. तिने जागा रिकाम्या सोडल्या. एकामागून एक. हात, चाल, बोलणं. त्या आपोआप भरतात, म्हणाली.

सोमवारी पाठवणार.

रविवार, २२ फेब्रुवारी

ही वही पुन्हा वाचली. केवढा उद्दाम माणूस आहे. लिफ्टवाल्याला भसाडा म्हणतो. त्याचा आवाज काय वाईट होता? मनापासून गायचा, ते आक्काला दिसलं. मला...

थांब. हे मी लिहिलं की...

नाही. मीच. अजून मीच. सोमवार उजाडायचा आहे. हरामखोर आहेत सगळे. मूर्ख. बैल. बरं वाटलं.

ठमी दुसऱ्या खोलीत बोलते आहे. ऐकतोय. एक तरी शब्द मला उद्देशून असेल म्हणून...

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळ. गेलो नाही. दार लावून बसलो आहे. त्यांना मी तिथे लागत नाही, माहीत आहे.

आठवेल तेवढं लिहून ठेवतो. दस्तऐवजात नाही. इथे. इथे कुणी तपासत नाही.

ठमीला फुग्याची भीती वाटते. अंधाराची नाही, फुग्याची. कुठेही फुगा दिसला की माझ्या मागे लपते. हे आता आठवलं! म्हणजे आठवतं. म्हणजे आहे माझ्याजवळ अजून बरंच. मागे लपते आणि शर्टाचं टोक धरते, मुठीत चुरगाळते. इस्त्री मोडते म्हणून मी...

ते नको. ती काय म्हणायची ते लिही. टोक धरून म्हणायची, बाबा, तू... 'बाबा, तू...' काही तरी गमतीचं. फुग्याबद्दल. मला हसू यायचं. दाखवायचो नाही, पण यायचं. बाबा, तू...

घड्याळ. साहेब वेळेवर येतात. चांगले आहेत साहेब.

शर्टाचं टोक. डाव्या हाताने. हे पक्कं. उजव्या...

काम चांगलं आहे. घर चांगलं आहे. ही चांगली

नाही, थांब. हिचे खांदे. आधी खांदे, मग

ठमी म्हणायची, बाबा, तू फुग्याला

ओरड म्हणायची! बाबा, तू फुग्याला ओरड, तू ओरडलास की सगळे गप्प बसतात. आणि मी वळून त्या फुग्याला खरोखरच ओरडायचो, भर रस्त्यात, आणि ती मागून हसायची, आणि तिचं हसणं अगदी आईसारखं, आधी नुसते खांदे, माझ्या पाठीला कळायचं, आणि मग मी, मी म्हणजे